खेळ थांबतो, आपण थांबतो का?

आईच्या शेवटच्या आजारपणात आम्ही तिघा भावांनी रात्रीच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या. दिवसा सुना, नातवंडे, शेजारपाजार असायचा. रात्री मात्र एकाने तिच्या खाटेजवळ बसायचे, वेळेवर औषध द्यायचे, कूस बदलून द्यायची, पाणी लागले तर चमच्याने पाजायचे, असे ठरले होते. आजाऱ्याजवळची रात्र फार मोठी असते. जपमाळ म्हणून होते, वर्तमानपत्र पुन्हा एकदा वाचून होते, तरी घड्याळात साडेअकराच वाजलेले असतात. डोळा लागू नये म्हणून आमच्यापैकी एकाने मोबाईलवर एक गेम घेतला. दुसऱ्याने तो पाहिला, मग तिसऱ्याने. थोड्याच दिवसांत असे झाले की, सकाळी पाळी बदलताना आईला रात्री झोप लागली का, हे विचारण्याआधी 'तू कितव्या लेव्हलला गेलास?' असा प्रश्न तोंडातून निघू लागला.

एका रात्री आईने "बाळ" अशी हाक मारली. आवाज क्षीण होता, पण ऐकू आला. जवळ बसलेल्याने मान वर न करता म्हटले, "थांब हां आई, एवढी चाल होऊ दे." चाल झाली. त्या चालीने आणखी खडे कोसळले, समोरचा राक्षस मेला, एक पेटी उघडली, पेटीत काय निघाले ते बघून झाले. मग मान वर केली, तेव्हा आईचा पुन्हा डोळा लागला होता. तिला काय हवे होते ते कळले नाही. सकाळी विचारले तर तिला हाक मारल्याचेही आठवत नव्हते. त्यानंतर नऊ दिवसांनी ती गेली.

त्या रात्री पाळी कोणाची होती, हे आम्ही येथे सांगत नाही. आई तिघांनाही 'बाळ'च म्हणे, आणि ते उत्तर तिघांपैकी कोणीही दिले असते. हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे.

महिन्याच्या मिस्सानंतर घरी बसलो असताना त्याने ही गोष्ट सांगितली. प्रथम आम्ही त्याची समजूत काढली. मग मोबाईल काढून तो गेम नीट पाहिला आणि एक गोष्ट ध्यानात आली. तो घाईचा खेळ नव्हताच! आपण एक चाल करायची, मग समोरच्याने एक चाल करायची. आपण चाल केली नाही, तर खेळ तसाच थांबून राहतो; पाच मिनिटे, तासभर, सकाळपर्यंतसुद्धा. मोबाईल खाली ठेवला असता, तर एक खडादेखील जागचा हलला नसता. मग थांबायला आईला का सांगितले?

हा प्रश्न आमच्या घरापुरता आहे असे आम्हाला वाटत नाही. ट्रेनमध्ये, जेवणाच्या ताटावर, दवाखान्याच्या बाकावर आपण सगळेच अधूनमधून कोणाला तरी 'थांब' म्हणत असतो. म्हणूनच तो येथे मांडावासा वाटला.

ज्यांनी असले गेम पाहिले नाहीत, त्यांच्यासाठी थोडी माहिती दिली पाहिजे. आपल्याला भुरळ घालणारी ही गोष्ट दोन वेगळ्या खेळांचा संकर आहे.

पहिला खेळ कोड्यांचा. अमेरिकेतील पॉपकॅप या कंपनीने २००१ साली 'बिजुवेल्ड' नावाचा गेम आणला. आठ ओळी आणि आठ रकाने, म्हणजे चौसष्ट घरे, आणि घराघरांत रंगीत खडे. शेजारचे दोन खडे अदलाबदल करून एका रंगाचे तीन खडे ओळीत आणले की ते नाहीसे होतात, वरचे खडे खाली पडतात आणि वरून नवे येतात. नियम एवढाच. लहान मूल आणि आजोबा दोघेही तो एका मिनिटात शिकतात.

दुसरा खेळ भूमिकेचा. त्याचे मूळ मोबाईलच्या कितीतरी आधीचे आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, कोणी योद्धा, कोणी जादूगार. पात्राने पराक्रम केला की त्याला अनुभवाचे गुण मिळतात, पुरेसे गुण साठले की त्याची पातळी वाढते आणि त्याच्या अंगी नवे बळ येते. आज मुले ज्याला 'लेव्हल वाढली' म्हणतात, ते येथून आले.

हे दोन प्रवाह एकत्र आणणारा प्रसिद्ध गेम २००७ साली आला. त्याचे नाव 'पझल क्वेस्ट'. ऑस्ट्रेलियातील स्टीव्ह फॉकनर यांच्या 'इन्फिनिट इंटरॅक्टिव्ह' या स्टुडिओने तो बनवला. पट तोच, आठ बाय आठचा. पण आता खडे नुसते नाहीसे होत नव्हते. लाल, हिरवे, पिवळे, निळे खडे जुळवले की मंत्र म्हणण्याची शक्ती साठायची. कवट्या जुळवल्या की समोरच्या शत्रूला इजा व्हायची. नाणी जुळवली की सोने मिळायचे, जांभळे तारे जुळवले की अनुभव. एका ओळीत चार आले तर आणखी एक चाल बक्षीस. आणि या सगळ्याच्या मागे एक राज्य, एक संकट आणि आपल्या पात्राची एक लांबलचक कथा.

पुढे २०१२ साली जपानच्या गंगहो कंपनीने 'पझल अँड ड्रॅगन्स' हा गेम खास मोबाईलसाठी आणला. त्यात पाच ओळी आणि सहा रकाने, अशी तीस घरे. आता पात्र एकच नव्हते. राक्षसांची आणि देवतांची एक फौजच गोळा करायची, तिला पोसायचे आणि वाढवायचे. या गेमने जगभर मिळून अब्जावधी डॉलर कमावले. त्यानंतर या जातीच्या गेमचे पीकच आले. आम्ही खेळत होतो तो त्यांपैकीच एक. त्याचे नाव महत्त्वाचे नाही.

या दोन खेळांच्या मिश्रणात एवढी ओढ का असावी?

नुसत्या कोड्याचे पाहा. कोडे सोडवताना मनाला एक स्वच्छ समाधान मिळते. पसारा होता, तो आवरला गेला. आपल्या आयुष्यातील कोडी अशी सुटत नाहीत. जमिनीच्या वादाची तारीख पुढे पडते, गुडघ्याचे दुखणे औषधाने जात नाही, मुलाची नोकरी आज आहे तर उद्या नाही. पटावर मात्र तीन खडे जुळले की ते नक्कीच जातात. तरीही नुसत्या कोड्यावरून माणूस उठू शकतो. दहा वेळा आवरले, अकराव्या वेळी कंटाळा येतो, कारण त्यातून पुढे काही व्हायचे नसते.

नुसत्या भूमिकेच्या खेळाचेही तसेच. त्यात पुढे काय होणार याची उत्सुकता असते, पण मध्ये पुष्कळ चालणे, बोलणे, वाट पाहणे असते. तेथेही माणूस जांभई देऊन उठतो.

दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. कोड्याचा कंटाळा यावा, त्या ठिकाणी कथा म्हणते, 'आणखी थोडे, म्हणजे नवी तलवार मिळेल.' कथेचा कंटाळा यावा, त्या ठिकाणी कोडे बोटांना काम देते. उठण्याची जी स्वाभाविक जागा होती, तीच बुजवली जाते. आमच्या त्या रात्रीचे अर्धे उत्तर येथे आहे. खेळ थांबायला तयार होता, पण 'येथे थांबावे' असे वाटायला लावणारी जागा त्यात कोठेही नव्हती. चाल संपली की लढाईचा शेवट जवळ आलेला असे, लढाई संपली की पेटी असे, पेटी उघडली की लेव्हलला थोडेच गुण कमी असत.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल नावाचा गणिती आणि तत्त्वज्ञ होऊन गेला. जुगारातील शक्यतांचे गणित त्याने १६५४ साली फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाशी पत्रव्यवहार करून मांडले. म्हणजे खेळ काय असतो हे त्याला चांगले माहीत होते. त्याच्या मृत्यूनंतर १६७० साली प्रसिद्ध झालेल्या टिपणांत जुगाऱ्याविषयी एक मार्मिक विचार आहे. रोज थोडेथोडे पैसे लावून खेळणाऱ्या माणसाला, तो जेवढे जिंकू शकेल तेवढे पैसे सकाळीच द्या आणि 'आज खेळू नकोस' म्हणून सांगा. तो दुःखी होईल. बरे, मग त्याला पैसे न लावता नुसते खेळायला सांगा, तो कंटाळेल. म्हणजे त्याला नुसते पैसे नको आहेत आणि नुसता खेळही नको आहे. त्याला काहीतरी पणाला लागलेले हवे असते आणि त्यासाठी तो स्वतःच स्वतःची समजूत घालतो की, हे मिळाले म्हणजे मी सुखी होईन.

पास्कलने खडे जुळवण्याचा गेम पाहिला नव्हता, पण त्याने आमच्यावर अचूक बोट ठेवले आहे. कोडे हा नुसता खेळ, आणि पात्राची लेव्हल हा पणाला लावलेला पैसा. तो पैसा खोटा आहे हे आम्हाला पूर्ण ठाऊक होते. तरी तो हरू नये म्हणून आम्ही श्वास रोखून धरत होतो.

येथे एक प्रश्न विचारावा लागतो. या खेळात वाढते कोण?

आमच्या मोबाईलमधील योद्धा अडतिसाव्या लेव्हलला पोहोचला होता. त्याच्याकडे उत्तम ढाल होती, आगीचे मंत्र होते. एके दिवशी कधीही तो गेम न खेळलेल्या आमच्या भाच्याने मोबाईल हातात घेतला आणि आमच्या योद्ध्याला घेऊन दोन लढाया सहज जिंकल्या. आम्ही हसलो. नंतर विचार केला, तेव्हा हसू आले नाही. इतक्या रात्री घालवून जे कमावले, ते आमच्यात नव्हतेच. ते मोबाईलमध्ये होते. जो तो हातात घेईल, त्याचे होते.

तबला शिकणाऱ्याचे बोट वाढते. बुद्धिबळ खेळणाऱ्याची नजर वाढते. सुताराच्या पोराने वर्षभर रंधा मारला, तर ते वर्ष त्याच्या मनगटात उतरते. त्याचा रंधा दुसऱ्याने उचलला, तरी मनगट त्याचेच राहते. न्यायाने बोलायचे तर कोड्याचा भाग थोडी नजर तयार करतो, हे खरे आहे. पण भूमिकेचा भाग त्यावर मात करतो. खेळणाऱ्याला जमले नाही तरी चालते. पात्र थोडे आणखी मोठे केले की तीच लढाई सोपी होते. आपण वाढलो नाही, ही गोष्ट आपल्यापासून झाकून ठेवण्याची सोय त्यात केलेली आहे.

मात्र ज्या इच्छेला हा खेळ हात घालतो, ती इच्छा वाईट नाही. पसारा आवरावा आणि आपण थोडे वाढावे, यापेक्षा चांगल्या इच्छा माणसाजवळ कोणत्या आहेत? आईच्या खाटेजवळ या दोन्ही इच्छा उपाशी होत्या. आज पाजलेले पाणी उद्या पुन्हा पाजायचे होते. आज बदललेली चादर उद्या पुन्हा बदलायची होती. इतके करून आई बरी होणार नव्हती, डॉक्टरांनी तसे सांगितलेच होते. सेवेला लेव्हल नसते. आज तू कालच्यापेक्षा थोडा अधिक सहनशील झालास, असे सांगणारी घंटा कोणी वाजवत नाही. त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, दर पंधरा मिनिटांनी घंटा वाजवून 'तू मोठा झालास' असे सांगणारी वस्तू होती. आम्ही त्या वस्तूकडे वळलो, यात नवल नाही. पण आमची खरी वाढ होत असेल तर ती त्या चमच्यात होती, आणि आम्ही ती पडद्यावर शोधत होतो.

मग खेळूच नये का? 'मोबाईल फेकून द्या' म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी आमचे पूर्णपणे जमत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात, खेळात सद्गुण असू शकतो का, हा प्रश्न गांभीर्याने घेतला आहे. तेथे ते संत योहानांविषयीची एक जुनी गोष्ट सांगतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना दिसले म्हणून काही जणांना धक्का बसला. तेव्हा त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला योहानांनी बाण मारायला सांगितले. त्याने पुष्कळ बाण मारल्यावर विचारले, तू असे सतत करू शकशील का? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. योहान म्हणाले, माणसाच्या मनाचेही तसेच आहे. थॉमस यांच्या मते शरीराला जशी विश्रांती लागते, तशी मनालाही लागते, आणि ती खेळातून मिळते. जो स्वतः कधी हसतखेळत नाही आणि दुसऱ्याच्या खेळातही विरजण घालतो, तोही चुकतो, असे ते सांगतात. फक्त खेळ अश्लील किंवा कोणाला दुखावणारा नसावा, त्यात मनाचा तोल पूर्ण जाऊ नये, आणि तो माणसाला, वेळेला व स्थळाला शोभणारा असावा, या अटी ते घालतात.

संत ऑगस्टीन तर मोठ्या माणसांनाच आरसा दाखवतात. लहानपणी अभ्यास सोडून चेंडू खेळल्याबद्दल त्यांना मार बसत असे. 'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनात ते याची आठवण काढतात आणि म्हणतात की, मोठेही खेळच खेळत असतात, फक्त आपल्या खेळाला ते कामधंदा म्हणतात. हे वाचून आम्ही गप्प झालो. मुलाच्या हातातून मोबाईल हिसकावून घेणारा बाप दुसऱ्या मोबाईलवर शेअरचे भाव किंवा सोन्याचा दर पाहत बसलेला असतो. त्याचीही एक लेव्हल असते आणि तोही 'थांब, एवढे होऊ दे' म्हणतो.

तेव्हा दोष खेळण्यात नाही. दोष मोकळेपण हरवण्यात आहे. ते कसे हरवते, याचेही एक उत्तम चित्र त्याच 'कन्फेशन्स'मध्ये आहे. ऑगस्टीन यांचे मित्र अलिपियस कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी रोमला गेले होते. तलवारबाजांच्या रक्तपाती झुंजींचा त्यांना तिटकारा होता. मित्रांनी एकदा त्यांना ओढून रिंगणाकडे नेले. अलिपियस यांचे म्हणणे असे की, माझे शरीर न्या, मन माझे आहे. मी डोळे मिटून बसेन. ते खरोखरच डोळे मिटून बसले. मग लोकांची एक प्रचंड आरोळी उठली, आणि काय झाले ते पाहण्यापुरते त्यांनी डोळे उघडले. त्या दिवसापासून ते झुंजींचे एवढे वेडे झाले की, स्वतः तर जातच, पण दुसऱ्यांनाही घेऊन जात. पुढे ते त्यातून सुटले आणि बिशपही झाले. पण ऑगस्टीन येथे ज्यावर बोट ठेवतात ती गोष्ट ही की, अलिपियस यांचा स्वतःच्या बळावर फार विश्वास होता. 'मला वाटेल तेव्हा मी बंद करीन' हे वाक्य आम्हीही म्हणत होतो. एका भावाने ते दुसऱ्याला म्हटले आणि दुसऱ्याने तिसऱ्याला.

बनवणाऱ्यांना हे सगळे माहीत असते, हेही सांगितले पाहिजे. वरून कोणते खडे पडतील ते आपल्या हातात नसते. कधी एका चालीने सगळा पट कोसळतो, कधी काहीच होत नाही. बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला की सवय अधिक घट्ट बसते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकात कबुतरांवर प्रयोग करून दाखवले होते. २००७ चा 'पझल क्वेस्ट' एकदाच पैसे देऊन विकत घ्यायचा होता. त्यात लढाई हरली तरी मिळालेला अनुभव आणि सोने हाती राहत असे. 'पझल अँड ड्रॅगन्स'मध्ये प्रवेश फुकट, पण लढाई हरलात तर त्या मोहिमेत मिळवलेले सगळे जाते. ते वाचवायचे असेल तर एक जादूचा दगड द्यायचा. तो दगड थोडाफार खेळात मिळतो, आणि पैसे देऊनही विकत मिळतो. दुर्मिळ राक्षस हवा असेल तर दगड घालून सोडतीचे यंत्र फिरवायचे, मग जे निघेल ते आपले. कोडे, कथा आणि सोडत अशी तिहेरी दोरी झाली. त्या काळात जपानमधील मोबाईल गेममध्ये सोडतीतून निघणाऱ्या ठराविक वस्तूंचा पूर्ण संच जमवला की मोठे बक्षीस, असाही एक प्रकार फोफावला होता. २०१२ साली तेथील ग्राहक संरक्षण यंत्रणेने तो बेकायदेशीर ठरवला.

जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजारांच्या नव्या वर्गीकरणात स्थान दिले. ते वर्गीकरण २०१९ साली संमत झाले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा खेळ मोठा होत जाणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. आणि ती साधारणपणे बारा महिने तरी दिसली पाहिजेत. खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना हा आजार होतो, असेही संघटना सांगते. आम्ही त्या व्याख्येत बसत नव्हतो. आमच्या नोकऱ्या चालू होत्या, आईची औषधे वेळेवर होत होती. आम्ही आजारी नव्हतो, म्हणून आमच्या हातून काही चुकले नाही, असे मात्र आम्हाला म्हणता येत नाही. आजार आणि निर्दोषपणा यांच्यामध्ये मोठी जागा आहे. आपल्यापैकी बहुतेक जण तेथेच राहतात.

मग त्या 'थांब'चा दोष किती? कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की, सवय आणि अतिरेकी आसक्ती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. हे वाचून आमच्या भावाला थोडा दिलासा मिळाला, आणि तो मिळायला हवा होता. आई हाक मारते त्या क्षणी बोटाखाली चाल अर्धी झालेली असते. त्या क्षणी आपण फारसे मोकळे नसतो. पण मोकळे असतो तो एक क्षण त्याआधी येऊन गेलेला असतो. खोलीत शिरताना मोबाईल उशाशी घ्यायचा की बाहेर फळीवर ठेवायचा, हे ठरवताना आपण पूर्ण मोकळे असतो. जबाबदारी तेथे आहे. अलिपियस यांनी डोळे मिटण्याची शपथ घेण्यापेक्षा रिंगणाचा रस्ताच टाळायला हवा होता.

आम्हाला या सगळ्यातून एक साधी कसोटी सापडली आहे. खेळ किती तास खेळलो, याने तो चांगला की वाईट हे ठरत नाही. हाक आली तर तो खाली ठेवता येतो का, याने ठरते.

ही कसोटी नवी नाही. आमच्या घरात ती आईच पाळत होती. पावसाळ्यात वीज गेली की ती आम्हाला घेऊन चटईवर झब्बू खेळायला बसे. ती हट्टाने खेळे, जिंकली की आम्हाला चिडवी. पण दारात कोणी शेजारीण कढीपत्ता मागायला आली, किंवा आजीने आतून हाक मारली, की आई हातातले पत्ते चटईवर पालथे घाली. "कोणी बघायचे नाही हां," असे म्हणून ती उठे. कधी पाच मिनिटांनी परत येई, कधी शेजारणीशी बोलता बोलता वीज येई आणि डाव तसाच राहून जाई. अर्धवट राहिलेल्या त्या डावांची हळहळ तिला वाटल्याचे आम्हाला आठवत नाही. पत्ते पालथे असत, आणि ती मात्र आलेल्या माणसाकडे तोंड करून उभी असे.

आम्ही तो गेम आता काढून टाकला आहे. तिघांनी एकाच दिवशी काढला, म्हणजे एकाने दुसऱ्याला पुन्हा ओढायला नको. अडतिसाव्या लेव्हलचा योद्धा पुसला जाताना थोडे वाईट वाटले, हे कबूल करतो. मुलांना आम्ही खेळ बंद करायला सांगितलेले नाही. एवढेच सांगितले आहे की, घरात कोणी हाक मारली तर मोबाईल पालथा ठेवायचा आणि मान वर करायची. ते आमच्याकडूनही हे वसूल करतात.

आईला त्या रात्री काय हवे होते, ते आम्हाला आता कधीच कळणार नाही. कदाचित पाणी हवे असेल. कदाचित आज तिघांपैकी कोण बसला आहे, एवढेच तिला पाहायचे असेल.